कोऱ्याचा भाव

रामकिसनने आयुष्यात कोऱ्या मालाचा भाव कधी विचारला नव्हता. दुकानात शिरला की फळीवर ओळीने मांडलेल्या चकचकीत वस्तूंकडे तो अशा नजरेने बघायचा, जशी तालमीतली माणसं अत्तर लावून आलेल्या नवरदेवाकडे बघतात. मग सरळ मागच्या कोपऱ्यात जायचा. तिथे खोकं फाटलेलं, कान तुटलेलं, रंग उडालेलं जे काही पडलेलं असेल ते पायाने पुढे ओढायचा आणि विचारायचा, "ह्या मढ्याचं काय घेता?"

गावात कुणाला काही अवजार आणायचं असलं की रामकिसनला शहरात सोबत न्यायची रीतच पडली होती. एसटीचं तिकीट, एक चहा आणि भज्यांची एक प्लेट, एवढीच त्याची दलाली. ज्याने त्याला न विचारता जवळच्या सिल्लोडला जाऊन सांगेल तो भाव देऊन वस्तू आणली, त्याच्या दारावरून जाताना तो मुद्दाम थांबायचा. "आले बघा कर्णमहाराज. कवचकुंडलं बी देऊन आले असतेन दुकानदाराला."

त्याच्या स्वतःच्या घरात मात्र एक वस्तू धड नव्हती. टॉर्च होती ती मांडीवर आपटल्याशिवाय लागत नव्हती. कुऱ्हाडीचा दांडा तारेने आवळलेला होता. पंख्याची दोनच पाती फिरत, तिसरं कारखान्यातूनच आलं नव्हतं. मनकर्णाबाई भाकरी थापता थापता म्हणायची, "मला बी अशीच आणली का वो? माझ्या बापाकडून किती कमी करून घेतले व्हते?"

"तुझा डावा पाय आखूड हाय, ते बघूनच व्हय म्हणलो."

"आन् तुमचं डोस्कं आखूड हाय ते माझ्या बापाला दिसलं नाय."

यंदा पावसाने ऐन श्रावणात उघडीप दिली आणि मक्यावर लष्करी अळी पडली. बघता बघता शेंड्याचे पोंगे चाळणीसारखे झाले. पोंग्यात बोट घातलं की ओला भुसा हाताला यायचा. रामकिसनचा मुलगा अभय वाळूजच्या कंपनीत होता, पंधरा दिवसांतून एकदा यायचा. घरची फवारणी सून संध्याच करायची, आणि दुसऱ्यांचीही करायची, पंपामागे मजुरी ठरवून. पाठीवर वीस लिटर घेऊन बाईमाणूस सरीतून चालतंय म्हणून आधी लोक हसले. मग तिच्या हाताखालून एक पोंगा सुटत नाही हे दिसल्यावर बोलवायला लागले. कडुबाच्या पाच एकरांचं काम तिने घेतलं होतं. दोन एकर झाले आणि तिसऱ्याच्या मधोमध पंपाची मोटार घरघरली, खोकली आणि बंद पडली.

तो पंपही रामकिसननेच आणलेला. झाकणाला सायकलच्या ट्यूबची पट्टी, पट्ट्याला सुतळी.

"परवापर्यंत काम झालं नाय तर मी रत्नमालाला सांगतो," कडुबा बांधावरून म्हणाला. "अळी माझ्यासाठी थांबणार हाय का? तिचा पंप कोरा हाय. सिल्लोडचा."

संध्या घरी आली, हातपाय धुतले आणि डब्यात ठेवलेले सत्तावीसशे रुपये काढले. "मामा, मी सिल्लोडला जाऊन येते. रत्नमालाबाईनं घेतला त्याच दुकानात."

रामकिसन खाटेवरून उठून बसला. "सिल्लोडला? त्यांनी सांगायचं आन् आपण द्यायचं?"

"चालतो तिचा पंप. दोन हंगाम झाले."

"चालतो म्हणं! हत्ती बी चालतो. म्हणून काय हत्ती घेतेत का?" त्याने हात पुढे केला. "दे इकडं. सकाळच्या गाडीनं जातो. तुझ्या पैशातले तुलाच परत आणून दिले नाय तर नाव बदल."

संध्याने सासूकडे पाहिलं. मनकर्णाबाईने भाकरी उलटली. संध्याने पैसे दिले, पण एकेक नोट सोडताना बोटं जरा वेळ तशीच राहिली, हे रामकिसनच्या लक्षात आलं. त्याला ते आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो शहरात हर्सूलच्या टी पॉइंटला उतरला आणि जाधववाडीच्या मोंढ्यात, घाऊक बाजारात, चालत गेला. श्रीरंगशेठचं दुकान मोंढ्याच्या कडेला होतं. बारा वर्षं तो याच दुकानात यायचा. श्रीरंगशेठ हा त्याच्या मते मोंढ्यातला सगळ्यात भित्रा दुकानदार. दोनदा पायरी उतरली की ज्याचा घसा कोरडा पडतो, असा.

"या नाना, या! म्हटलं मोंढा भरला आणि नाना कसे दिसेनात?"

"दिसायला मी काय मोर हाय का?" रामकिसन वरच्या फळीकडे न बघता कोपऱ्यात गेला. चार्जिंगचा एक पंप तिथे फाटक्या खोक्यात उभा होता. त्याने तो उलटा केला. तळाला पांढरे ओरखडे. "हे काय? घुशीनं खाल्लं?"

"ट्रकमध्ये घासला गेला. आत मशीन नवं आहे."

"मशीन नवं आन् सदरा फाटका. किती?"

"एकतीसशे."

"एकतीसशात तुमाला गल्ल्यासकट नेतो मी."

बिलाच्या टेबलावर बसणारी तनुजा हसली आणि तिने तोंडासमोर वही धरली. रामकिसनला बरं वाटलं. शेठ एकोणतीसशेवर आले. रामकिसन पायरी उतरला, माठातलं पाणी प्यायला, आभाळाकडे बघितलं आणि परत आला. ही त्याची पद्धत होती. पायरी तीनदा उतरायची. पहिल्यांदा रागाने, दुसऱ्यांदा कंटाळून आणि तिसऱ्यांदा आपल्याला वस्तू नकोच आहे अशा थंडपणाने. दुसऱ्यांदा तो उतरला तेव्हा शेठने तनुजाच्या कानात काही सांगितलं आणि ती मागच्या दाराने गोदामाकडे गेली. तिसऱ्यांदा परतला तेव्हा भाव सव्वीसशेवर आला होता.

"आन् पट्टा नवा," रामकिसन म्हणाला.

"घ्या, पट्टा नवा. जीव घ्या आता."

"जीव तुमचा डागी असंल. पाणी भरून बघतो आधी."

"अहो, इथेच बघा ना," शेठ घाईने म्हणाले, पण तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पंप उचलून रामकिसन दुकानाला वळसा घालून मागच्या नळाकडे गेला. इतक्या वर्षांत तिकडे तो कधी गेला नव्हता.

नळाच्या बाजूला, गोदामाच्या सावलीत एक हमाल मांड्यांत नवा पंप धरून बसला होता. हातात अर्धी वीट होती. तो तळ घासत होता, बाई भांडं घासते तसा, वाकून, मन लावून. शेजारी तीन कोरी खोकी होती. एकाचा कोपरा पायाने चेपलेला. तनुजा हातात चिठ्ठी घेऊन उभी होती. दोघांची पाठ रामकिसनकडे होती.

"बस क्या मॅडम? और घिसूं?"

"तळाला अजून घासा. कडेला नको. ते सिल्लोडकडचे म्हातारे तळ उलटा करून बघतात. डाग सापडला नाही तर घेत नाहीत."

"अजब आदमी है. कोरा चोवीसशेकू मिलता, ये घिसेला सव्वीसशेकू ले के जाता."

"त्यांना कोऱ्याचा भाव माहीतच नाही. बारा वर्षांत एकदा विचारलेला नाही."

"और हंसते हंसते जाता, भाई."

"तुम्ही घासा. अजून दोन करायचेत."

नळ थेंब थेंब गळत होता आणि खाली चिखल झाला होता. रामकिसनचे पाय त्या चिखलात होते. त्याला आधी काहीच वाटलं नाही. मग त्याला कडुबाचं कडबाकुट्टीचं यंत्र आठवलं, पोचा पडलेलं. मग कुणाचा ग्राइंडर, कुणाची मोटार, कुणाची शिडी. प्रत्येक पोच्यावर, प्रत्येक ओरखड्यावर त्याने चारचौघांत बोट फिरवलं होतं आणि म्हणाला होता, बघा, ह्या एवढ्याशा डागात पाचशे रुपये लपलेले असतेत. आता त्या सगळ्या डागांवर त्याला तीच अर्धी वीट दिसायला लागली.

ओरडावं असं त्याच्या मनात आलं. पंप त्या हमालाच्या डोक्यात घालावा. शेठला गल्ल्यावरून खाली ओढावं. पण ओरडलं की माणसं जमणार, आणि मोंढ्याच्या दिवशी त्या माणसांत सिल्लोड रस्त्यावरची अर्धी गावं असणार. तो जसा आला तसा मागे फिरला.

पंप कोपऱ्यात ठेवला. वरच्या फळीकडे बोट केलं. "तो द्या."

"कोणता?"

"वरचा. कोरा."

शेठने फोन खाली ठेवला. "तुम्हाला? कोरा?"

"किती?"

तोंडात आलेला वाढीव आकडा शेठने गिळला असावा. "चोवीसशे," ते हळू म्हणाले.

रामकिसनने नोटा काढल्या. पायरीपर्यंत जायची ताकद त्याच्यात नव्हती, तीनदा तर दूरच. तनुजा मागून आली आणि टेबलावर बसली. तिने त्याच्या पायांकडे पाहिलं. चपलांचा ओला, चिखलाचा माग मागच्या बाजूकडून थेट टेबलापर्यंत आला होता. तिची मान खाली गेली.

"नाना, तुम्ही आज काहीच बोलला नाहीत," शेठ म्हणाले आणि शंभराची एक नोट परत सरकवली. "म्हणून हे माझ्याकडून."

बारा वर्षांत मिळालेली पहिली खरी सूट. ती न मागता मिळाली होती, भिकाऱ्याला मिळते तशी. ती नोट तिथेच फेकावी असं त्याला वाटलं. पण हात पुढे गेला आणि त्याने नोट घेतली. स्वतःच्या हाताची त्याला किळस आली.

एरवी तो बिल घ्यायचा नाही. बिल नको, त्याचे दहा कमी करा, म्हणायचा. आज तनुजाने न विचारता बिल लिहिलं, गॅरंटीचं कार्ड भरलं आणि दोन्ही खोक्यात टाकलं.

गाडीत खोकं मांडीवर होतं. कोरं, चिकटपट्टी लावलेलं. वाटेत चौका गावाला चढलेला ओळखीचा एक म्हातारा त्याच्याकडे बघून म्हणाला, "जय भीम, नाना. तब्येत बरी नाय का?"

"जय भीम. का रं बाबा?"

"कोरं खोकं दिसतंय मांडीवर!"

मागच्या बाकावरची दोन माणसं हसली.

"आत डाग हाय," रामकिसन म्हणाला.

गावच्या फाट्याला तो उतरला. ऊन तापलं होतं, रस्त्याला कुणी नव्हतं. शंभर पावलं चालला आणि ओढ्याच्या पुलावर बसला. कोरा पंप घेऊन गावात शिरलं की पहिला प्रश्न भावाचा येणार. तेवीसशे म्हटलं की कडुबासारखा माणूस बोटं मोडणार. मग आमच्यावेळी डागी मालाला इतके कसे दिले, नाना? आणि तो प्रश्न एका घरातून निघाला की सगळ्या घरांत जाणार. प्रत्येक घरात एक तरी पोचा होता.

त्याने चिकटपट्टी तोडली. खोक्याचा कोपरा फाडला. पंप बाहेर काढून मांड्यांत उलटा धरला, ओढ्यातला एक दगड घेतला आणि तळ घासायला लागला. प्लास्टिक कडक होतं, ओरखडा उठेना. त्याने जोर केला. तरी तो डाग त्याला पटेना. ट्रकमधला डाग कसा असतो हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? मग त्याने दगड उचलून तळाच्या कडेवर दोनदा ठोकला. खट्. खट्. आता बरं दिसत होतं. घासताना आपण कसे बसलोय हे त्याच्या मध्येच लक्षात आलं. त्या हमालासारखेच, मान वाकवून, मन लावून. तो उठला आणि दगड ओढ्यात फेकला.

घरी पोचल्यावर त्याने पंप मनकर्णाबाईपुढे उलटा केला. "बघ. एवढासा डाग. एकवीसशे." आणि स्वतःच्या बंडीतले दोनशे घालून सहाशे रुपये संध्याच्या हातावर ठेवले.

"एकवीसशे?" संध्या म्हणाली.

"मंग? रत्नमालानं किती दिले इचार जाऊन."

कडुबा संध्याकाळी आला, डागावर बोट फिरवून गेला. "नाना, तुमच्यापुढं शेठलोक मुततेत," म्हणाला. रामकिसन हसला. संध्या खोक्यातले कागद काढून चिमणीएवढ्या उजेडाच्या बल्बखाली वाचत होती, चार्जिंग किती तास करायचं ते.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत ते कडुबाच्या शेतात गेले. रामकिसन औषध कालवायला आणि पाणी द्यायला. संध्याने अभयचा जुना शर्ट साडीवर चढवला, तोंडाला ओढणी बांधली, पंप पाठीवर घेतला आणि बटण दाबलं. मोटार कशी, मांजरासारखी. नळीतून फवारा सरळ पोंग्यात. पहिली सरी झाली, दुसरी झाली. तिसऱ्या सरीत तिने खांदा हलवला. चौथ्या सरीत चालता चालता हात मागे नेला.

"घाम लई येतोय," ती म्हणाली.

रामकिसनने पाहिलं. शर्ट कमरेपर्यंत ओला होता, पण फक्त मागून. ओल सरळ रेघेने खाली येत होती आणि परकराच्या काठातून टाचेवर ठिबकत होती.

"उतरव," तो म्हणाला.

"सरी संपू द्या."

"उतरव म्हणलं ना!"

तोवर तिला आग व्हायला लागली होती. ती हौदाकडे पळाली. मनकर्णाबाई न्याहारी घेऊन येतच होती. तिने भाकरीचं गाठोडं बांधावर टाकलं, सुनेला हौदाच्या आडोशाला नेलं आणि साबणाने पाठ घासायला लागली. रामकिसन पाठमोरा उभा राहिला. पाण्याचा आवाज येत होता आणि मनकर्णाबाईचा.

"लालभडक झालीय पोरीची पाठ. या, बघा तुमचा डाग. एवढासाच हाय!"

रामकिसनने पंप उलटा केला. तळाच्या कडेला, त्याने ठोकलं होतं तिथे, केसाएवढी चीर गेली होती. त्यातून औषध पाझरत होतं. चिरेत दगडाची राखाडी भुकटी अडकलेली होती.

कडुबा आला. "काय झालं नाना? गळतो का? डागी म्हणल्यावर थोडं गळणारच." मग मक्याकडे बघून म्हणाला, "पण माझ्या कामाचं काय? सांगू का रत्नमालाला?"

"थांब," रामकिसन म्हणाला. त्याने हौदावरचा साबण ओला करून चिरेत दाबून बसवला.

संध्या कोरडी साडी गुंडाळून आली. चेहरा उतरला होता, पण ती रडली नव्हती. तिने कमरेच्या पिशवीतून घडी केलेला कागद काढला आणि कडुबा विहिरीवरची मोटार बंद करायला गेलाय हे बघून हळू आवाजात म्हणाली, "मामा, ह्याला वर्षाची गॅरंटी हाय. टाकी बदलून भेटंल. मी उद्या जाते."

"डागीला गॅरंटी नसती."

"बिलात डागी लिवलेलं नाय. तेवीसशे लिवलंय. कालच वाचलं मी."

रामकिसनने साबण आणखी दाबला.

"मला वाटलं, मामाला आवंदा एखादी वस्तू धड आणावी वाटली असंल," संध्या म्हणाली. "आन् सांगायची लाज वाटली असंल. म्हणून बोलले नाय. डाग दुकानातलाच समजले मी."

मक्यात वारा शिरला आणि पानं एकमेकांवर घासली. रामकिसनने चिरेच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग तो जाणकार बोलतो तसाच बोलला, दुसऱ्याच्या मालाबद्दल बोलावं तसा.

"टाकी बदलून देणार नाय ते. ट्रकातला डाग लांबट असतो. हा ठोकलेला हाय. दगडाचा."

संध्याने साबणाच्या कडेला राहिलेली भुकटी नखाने काढली, बघितली आणि साडीला पुसली. "व्हय," ती म्हणाली. मग पिशवीतून शंभराच्या दोन नोटा काढून त्याच्या शेजारी बांधावर ठेवल्या आणि वर एक ढेकूळ ठेवलं, वाऱ्याने उडू नयेत म्हणून. "हे तुमचे."

तिने पंपाचा पट्टा धरला. रामकिसनने तो तिच्या हातातून ओढून घेतला. पंप भरून पाठीवर चढवताना त्याचे गुडघे एकदा वाकले, पण मनकर्णाबाईने हात दिला नाही. तिने संध्याच्या पाठीला खोबरेल लावायला घेतलं होतं.

पहिल्या दोन सऱ्या साबण टिकला. तिसरीत पाठीला गार लागलं. मग ते गार हळूहळू गरम व्हायला लागलं. तो चालत राहिला. पोंग्यापोंग्यावर थांबत, संध्या करायची तसं. सरीच्या टोकाला कडुबा तंबाखू मळत उभा होता.

"नाना, माझ्या मेव्हण्याला बी पंप पायजे. सोमवारी येता का मोंढ्यात? बघू एखादा डागी. गळला तर गळू द्या, चारपाचशे तरी वाचतेन."

रामकिसन थांबला. त्याने मागे वळून पाहिलं. बांधावर दोन्ही बायका बसल्या होत्या आणि दोघी त्याच्याकडेच बघत होत्या. पाठीवरची ओल कमरेपर्यंत आली होती.

"आधी कोऱ्याचा भाव इचार," तो म्हणाला.

"कोऱ्याचा?" कडुबाचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला. "आन् कोराच घ्यायचा तर मंग तुमचं काय काम?"

रामकिसनने बटण दाबलं आणि पुढच्या सरीत शिरला.